घरची प्रार्थना, दृढीकरण आणि 'मला नाही करायचं' म्हणणारी मुलगी

चिंचवडकरीण

जय ख्रिस्त सगळ्यांना. जे ख्रिस्ती नाहीत त्यांना नमस्कार.

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज थेट धागाच काढतेय. आम्ही चिंचवडला राहतो. माहेर नगरचं, सासर श्रीरामपूरकडचं, दोन्ही घरं पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. मंडळी (म्हणजे आमचं चर्च) सीएनआयची, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, उपासना मराठी. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊचा, दोघंही इंग्रजी माध्यमात.

आमच्याकडे रोज रात्री जेवणं झाली की कौटुंबिक प्रार्थना असते. पद्धत सासऱ्यांनी घालून दिलेली. एक गीत, एक अध्याय, मग प्रत्येकाने प्रार्थना करायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. सासरे होते तोवर टाळाटाळ करायची कुणाची छाती नव्हती. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत ते गेले. तेव्हापासून नवरा चालवतो. तो पूर्ण अध्याय वाचतो, मग समजावून सांगतो, मग प्रार्थनेत तेच पुन्हा देवाला समजावून सांगतो. (तो मराठी फोरम वाचत नाही म्हणून धीर करून लिहितेय.) मुलगा तोवर उशीवर कलंडलेला असतो.

सध्या आम्ही बायबलच्या गणना पुस्तकात आहोत. सातवा अध्याय ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल. ८९ वचनं. बारा वंशांचे बारा सरदार बारा दिवस तीच तीच अर्पणं आणतात, तेच चांदीचं ताट, तेच वजन, तेवढेच गोऱ्हे आणि मेंढे. सहाव्या सरदाराला लेक म्हणाली, "पप्पा, कॉपी-पेस्ट केलंय, पुढे चला." नवरा भडकला, ती उठून गेली, सासूबाई रडायला लागल्या. त्या रात्री प्रभूची प्रार्थना राहूनच गेली.

आणि खरा प्रश्न पुढेच आहे. मंडळीत दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) वर्ग सुरू झालाय. बिशपसाहेब येणार आहेत, तिच्या वयाच्या सगळ्या मुलांची नावं गेली, आम्हीही दिलं. ती म्हणते, मला नाही करायचं. का, ते सांगत नाही. "सगळ्या करतात म्हणून मी पण करायचं का?" एवढंच. नवरा म्हणतो नाव दिलंय, विषय संपला. सासूबाई म्हणतात आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. मी मधल्यामध्ये.

तुमच्या घरी प्रार्थना कशी चालते? मुलं मोठी होताना तुम्ही काय केलंत?

---

शिस्तप्रिय

यात प्रश्न काय आहे तेच कळलं नाही. शाळेत घालताना विचारलं होतं का, जायचंय का म्हणून? तसंच हे. तेरा वर्षांच्या मुलीला निवड दिली की ती मोबाईलच निवडणार. आमच्या घरी प्रार्थनेला न बसणाऱ्याला ताट मिळत नसे. आम्ही काही वाया गेलो नाही.

---

रविवारी_झोपणारा

@शिस्तप्रिय, मी अशाच घरातला. वय एकवीस. बारावीपर्यंत एक रविवार चुकला नाही, कारण चुकवायची सोयच नव्हती. हॉस्टेलला आलो आणि पहिल्याच रविवारी अकरापर्यंत झोपलो. त्यानंतर चर्चला गेलो तो नाताळात घरी आल्यावर. माझा देवावर राग वगैरे नाही. पण इतकी वर्षं त्या बाकावर बसून मी फक्त बसायला शिकलो. कुणी कधी विचारलं नाही की तुला काय वाटतं. पाळकसाहेब मला बघितल्यावर एकच प्रश्न विचारायचे, "कितवीला आहेस?" तीन वेगवेगळ्या पाळकांनी हाच विचारला.

मुलगी निदान 'नको' म्हणतेय. मी तेही म्हटलं नाही. दृढीकरण झालं, फोटो काढला, नंतर बिर्याणी होती.

---

वसईची_लेक

आम्ही कॅथलिक, त्यामुळे क्रम थोडा वेगळा. लहान असतानाच पहिला ख्रिस्तप्रसाद (फर्स्ट कम्युनियन), दृढीकरण नंतर. पण घरातला गोंधळ सेम टू सेम.

आमच्याकडे संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. लहानपणी मला ती संपता संपत नसे. पन्नास वेळा नमो मरिया, त्यात आजी मधेच थांबून शेजारच्या आळीतल्या आजारी माणसांची नावं घालायची, मग मेलेल्यांची, मग ज्यांच्याशी भांडण आहे त्यांची. भांडणवाल्यांची नावं आली की आम्ही पोरं कान टवकारायचो, गावातली खबर तिथेच कळायची! रोझरी झाली की वयाने सगळ्यात मोठ्यापासून सुरुवात करून प्रत्येकाकडून आशीर्वाद घ्यायचा. दुपारी ज्याने धपाटा घातलाय त्या काकाकडूनही. तो डोक्यावर हात ठेवायचा, काहीतरी पुटपुटायचा, आणि भांडण तिथल्या तिथे मिटायचं.

मे महिन्यात आळीतल्या क्रूसाजवळ रोज संध्याकाळी प्रार्थना असायची. क्रूस धुवायचा, फुलांच्या माळा करायच्या, मेणबत्त्या वाऱ्याने विझणार नाहीत अशा लावायच्या, हे सगळं मुलांचं काम. शेवटी उकडलेले चणे वाटायचे. कागदाच्या पुडीतले गरम चणे, वर खोबऱ्याचे बारीक तुकडे. ते वाटायचं काम मिळावं म्हणून आमच्यात मारामाऱ्या. मोठी माणसं मागे उभी राहून लितानी (एकाने म्हणायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायची प्रार्थना) म्हणायची, पण आम्हाला खात्रीच होती की हे सगळं आपणच चालवतो.

मला त्या रोझरीतली एकही 'शिकवण' आठवत नाही. पण आज माझ्या मुलाला ताप आला की तोंडात आधी तेच शब्द येतात.

---

संडेस्कूल_टीचर

मी दर रविवारी नऊ ते तेरा वयाच्या मुलांना शिकवते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

ताई, तुमच्या मुलीच्या बाबतीत एक गोष्ट तपासून बघा. तिला मराठी वाचता येतं का? बोलता नाही, वाचता. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांना पवित्र शास्त्रातलं एक वचन अडखळल्याशिवाय वाचता येत नाही. जोडाक्षर आलं की थांबतात. सुवर्णवचन (पाठ करायला दिलेलं बायबलचं वचन) पाठ करून येतात ते इंग्रजी लिपीत आईने लिहून दिलेलं असतं. मग उपासनेत 'सार्वकालिक', 'प्रायश्चित्त', 'करुणा भाकणे' असे शब्द एकापाठोपाठ एक पडत राहतात. मूल कंटाळत नाही हो, ते बुडतं.

लोक यावर म्हणतात, मग इंग्रजी उपासना सुरू करा. पुण्यात मोठी इंग्रजी मंडळी आहेत, गिटार-ड्रम्स आहेत, मुलं तिकडे खूश असतात. मला त्यात पाप दिसत नाही. पण घरात आजी मराठीत प्रार्थना करणार आणि नातवंडं इंग्रजीत, म्हणजे आजीची सगळ्यात मनातली गोष्ट नातवाला कळणारच नाही.

संडेस्कूल ही गोष्टच मुळात वाचायला शिकवण्यासाठी निघाली होती. इंग्लंडात ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स नावाच्या वृत्तपत्रवाल्याने १७८० मध्ये कारखान्यात राबणाऱ्या पोरांसाठी रविवारची शाळा काढली, कारण रविवार हा त्यांचा एकच सुट्टीचा दिवस. पुस्तक बायबलचं, पण आधी अक्षरओळख. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं भाषांतर करायला घेतलं ते कशासाठी? केडगावच्या मुक्तिसदनातल्या साध्या बायकांना वाचून कळावं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या, पूर्ण बायबल त्यानंतर छापून निघालं. शेवटच्या आजारपणापर्यंत त्या मुद्रितं तपासत होत्या. आणि आपण मुलांना जोडाक्षरं शिकवायला कंटाळतो.

आम्ही वर्गात आता पहिली दहा मिनिटं फक्त मोठ्याने वाचन करतो. मार्कचं शुभवर्तमान, कारण ते छोटं आहे आणि त्यात सारखं काहीतरी घडत असतं. चूक वाचलं तर कुणी हसायचं नाही, एवढा एकच नियम. फोनवर मराठी बायबलचा ऑडिओ मिळतो, तो लावून पानावर बोट ठेवत वाचायला सांगा, महिन्याभरात फरक दिसेल.

आणि यजमानांना म्हणावं, गणना नंतर. आधी रूथ घ्या. चार अध्याय आहेत, सासू-सुनेची गोष्ट आहे, तुमच्या घरात सगळेच कान देऊन ऐकतील 😄

---

ढोलकीवाला

रूथला +१.

माझा विषय गाणं, म्हणून तेवढंच बोलतो. घरच्या प्रार्थनेत गीत हा तोंडी लावायचा पदार्थ झालाय. एक कडवं कसंबसं ओढायचं आणि लगेच अध्याय. खरं तर उलट पाहिजे. आपल्या लोकांचा विश्वास गाण्यातून पोसला गेलाय. नगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकातच कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तन करत होते. मृदंग, टाळ, आख्यान, सगळं आपलं. नंतर ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि मराठी मंडळीला अभंग दिले, भजनं दिली. त्याआधी बरंचसं विलायती चालींवर बेतलेलं मराठी होतं, शब्दांचे हातपाय ओढून चालीत बसवलेलं. टिळकांनी देहूच्या वाटेनेच ख्रिस्ताकडे आलो असं म्हणावं इतका त्यांच्यावर तुकोबांचा पगडा. आणि त्याच्याही खूप आधी फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ साली ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापलं. ते चर्चमध्ये गाऊन वाचत, लोकांनी पाठ करून ठेवलेलं असे.

ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही ओवी पाठ होती. तुमच्या मुलाला वाचायचा कंटाळा असेल, टाळ वाजवायचा नसणार. नऊ वर्षांच्या पोराच्या हातात खंजिरी द्या आणि बघा कलंडतो का.

'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक घरात असेलच. गीत रोज मुलाने निवडायचं. त्याने महिनाभर एकच निवडलं तरी चालेल.

---

आळंदीकर

मी ख्रिस्ती नाही, उत्सुकतेने वाचतोय. तुम्ही नावं बदलली तर हा धागा आमच्या घरचा आहे. आमच्याकडे संध्याकाळी हरिपाठ. वडील होते तेव्हा अठ्ठावीस अभंग पूर्ण व्हायचे, आता मी पाचावर येतो आणि मुलगा विचारतो, अजून किती?

एक शंका. दृढीकरण म्हणजे मुंजीसारखं काही आहे का? आणि मुलीने नाही केलं तर मंडळीतून नाव कमी करतात का? प्रश्न चुकला असेल तर माफ करा.

---

निवृत्त_पाळक

आळंदीकर, प्रश्न अगदी योग्य आहे. त्याच्या उत्तरात चिंचवडच्या ताईंचं उत्तरही आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आमच्यात बाळाचा बाप्तिस्मा करतात तेव्हा बाळाला बोलता येत नाही. त्याच्या वतीने आईबाप आणि धर्ममातापिता वचन देतात की आम्ही याला प्रभूच्या मार्गात वाढवू. ते मूल कळत्या वयात आल्यावर मंडळीसमोर उभं राहून सांगतं की माझ्या वतीने दिलेलं वचन आता मी स्वतः घेतो. मग बिशप डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. त्यानंतर ते मूल प्रभुभोजनात, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीत, भाग घेऊ लागतं. नाही केलं तर नाव कुणी कापत नाही, बाप्तिस्मा झालेलं मूल मंडळीचंच असतं. पुढच्या वर्षी करता येतं, तिशीत करता येतं. मी साठीतल्या एका गृहस्थांचंही दृढीकरण पाहिलंय, काठी टेकत आले होते.

आता यातली मेख बघा. या विधीचा सगळा अर्थच 'मी स्वतः' या दोन शब्दांत आहे. ज्या मुलीचं नाव बापाने दिलंय आणि जी मनात नको म्हणतेय, तिला बिशपांपुढे उभं करून 'होय, मी करते' असं म्हणायला लावणं म्हणजे देवाच्या घरात तिच्याकडून खोटं वदवून घेणं. मुलीला हे कळतंय. मोठ्यांना कळत नाहीये. माझ्या मते आजवर त्या वर्गात बसलेल्यांत तिने हा विधी सगळ्यात गंभीरपणे घेतलाय.

प्रेषित पौल इफिसकरांस पत्रात लिहितो, "बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका." त्याच वचनात पुढे प्रभूच्या शिस्तीत वाढवण्याचंही आहे, शिस्तप्रिय यांनी नाराज होऊ नये. पण चिरडीस आणू नका हे आधी आहे.

तिला वर्गातून काढू नका. वर्गाला बसू दे, नाव मात्र यंदा मागे घ्या. आणि ती 'का' सांगत नाही म्हणता, तर ते 'का' शोधा. तेरा वर्षांचं मूल असं ठामपणे नाही म्हणतं तेव्हा त्यामागे आळस क्वचितच असतो.

---

शिस्तप्रिय

नाराज नाही पाळकसाहेब. पण नाव मागे घेतलं की मंडळीत चर्चा होते, ती कोण थांबवणार? महिला मंडळात दुसऱ्या दिवशी तेच.

---

निवृत्त_पाळक

ती कुणीच थांबवू शकत नाही. प्रेषितांची कृत्ये लिहिली गेली तेव्हापासून चालू आहे.

---

गोदाकाठ

आमची वेगळीच तऱ्हा आहे, कुणाला जवळची वाटेल म्हणून लिहितो. गाव नेवाशाकडे. आजोबांच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या भावाने नाही. एकाच वाड्याचे दोन भाग, मधे आता भिंत आहे पण आड एकच. चुलत घर नंतर बौद्ध झालं. चौदा एप्रिलला आम्ही सगळे त्यांच्या अंगणात, पंचवीस डिसेंबरला ते सगळे आमच्या. एखाद्या वर्षी ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा आणि आंबेडकर जयंती एकत्र येतात, तेव्हा डीजे आणि उपवास यांचा मेळ घालणं हे वाड्यातल्या बायकांचं काम.

मुलगा सातवीत असताना विचारायला लागला, आपण नक्की कोण? शाळेत एक सांगतात, गावात दुसरं, चर्चमध्ये तिसरं. त्याला प्रवचन देऊन काही झालं नसतं. त्याच्या पणजोबांनी रात्रशाळेत बाराखडी गिरवलेली पाटी अजून माळ्यावर आहे, ती काढून दाखवली. त्यांना गावच्या शाळेत आत बसायला मिळालं नव्हतं, मिशनच्या शाळेत मिळालं. पोराने पाटी पुसायला फडका घेतला तर आईने हातावर मारलं. अक्षर नाही उरलेलं तिच्यावर, पण पुसायची नाही.

त्याला पुढच्या वर्षी कापणीच्या सणात काम मिळालं, लिलाव पुकारायचं. लोक शेतातलं, घरचं आणतात, वेदीपुढे ठेवतात, उपासना झाली की लिलाव. आमच्याकडे एका लिंबावर दोन भाऊ इरेला पेटतात, बाजारात दहाला तीन मिळणारं लिंबू चर्चच्या छपरासाठी पाचशेला जातं. कोंबडी सुटून पेटीखाली गेली होती. पोरगा स्टुलावर उभा राहून "एकवार, दोनवार" ओरडत होता. त्या दिवसापासून 'आपण कोण' विचारलं नाही. उत्तर मिळालं की विसरला, मला माहीत नाही. पण छपराचा हिशोब मात्र मला विचारत असतो.

---

चिंचवडकरीण

सगळ्यांचे आभार. इतके दिवस लिहिलं नाही कारण घरात बरंच घडलं.

पाळकसाहेबांचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. (वरचा कंसही त्याने वाचला. असो.) काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच लेकीला गाडीवर घेऊन गेला, उसाचा रस प्यायला. तिथे ती बोलली.

सासरे आयसीयूत होते तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मंडळीची प्रार्थना साखळी लावली होती, चोवीस तास, प्रत्येक घराला अर्धा तास. आमची वेळ पहाटेची होती आणि ती गजर लावून उठायची. घरात सगळे म्हणत होते, विश्वास ठेव, आजोबा घरी येणार. शेजारच्या बिल्डिंगमधले काका आले घरी. आजोबा आले नाहीत. त्यानंतर या विषयावर तिच्याशी कुणीच बोललं नाही. अंत्यविधीत म्हणाले, प्रभूची इच्छा. ती नवऱ्याला म्हणाली, "मी बरोबर केली नव्हती का प्रार्थना? की तो ऐकतच नाही? जे काही असेल ते. मला त्या बिशपना सांगता येणार नाही की माझा विश्वास आहे."

नवरा घरी येऊन बराच वेळ बाथरूममध्ये होता.

नाव मागे घेतलं. आता तिला काय सांगू?

---

मस्कतकर

ताई, वाचून गलबललो. माझे वडीलही त्याच वर्षी गेले, मी इथे अडकलो होतो.

इथे शुक्रवारी सुट्टी म्हणून उपासना शुक्रवारी. चर्चचं एकच आवार आणि त्यात सकाळपासून रात्रीपर्यंत पाळीपाळीने मल्याळी, तमिळ, तेलुगू, इंग्रजी, फिलिपिनो. मराठी कुटुंबं मोजकी, आम्ही आळीपाळीने एकेकाच्या घरी जमतो. पाळक नाही, त्यामुळे जो तो आपापल्या परीने वचन सांगतो. ज्या दिवशी माझी पाळी होती त्या दिवशी मला काही सुचेना. स्तोत्र १३ वाचलं आणि बसलो. "हे परमेश्वरा, कुठवर?" अशी सुरुवात आहे. दाविदाने विचारलंय, मी नाही. तुमच्या लेकीला सांगण्यापेक्षा ते तिला वाचायला द्या. स्तोत्र ८८ सुद्धा. ते तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, एकही गोड ओळ नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही.

---

संडेस्कूल_टीचर

हो. आणि कृपा करून "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात" हे वाक्य तिला कुणी म्हणू देऊ नका. मी वर्गात ते बंद केलंय.

---

निवृत्त_पाळक

तिला उत्तर देऊ नका. माझ्याकडेही नाही. त्या दोन वर्षांत मी जितके अंत्यविधी केले त्यातल्या कुठल्याच घरी नव्हतं. जी चूक झाली ती तिच्या प्रार्थनेत नव्हती, आम्हा मोठ्यांनी 'घरी येणार' असं देवाच्या वतीने परस्पर सांगून टाकलं त्यात होती. तेवढं मात्र तिला स्पष्ट शब्दांत कळलं पाहिजे, आणि शक्यतो बापाच्या तोंडून.

एक सुचवतो. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन आपल्याकडे येशूने क्रूसावरून उच्चारलेल्या सात वचनांची उपासना असते, दर वचनावर वेगळा माणूस बोलतो. चौथं वचन, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" बोलायला सगळे कचरतात, वाटणीत शेवटी उरतं आणि बहुधा पाळकाच्या गळ्यात पडतं. तुमच्या लेकीचा प्रश्न तोच आहे. क्रूसावरून विचारलेला. त्याचंही उत्तर त्या क्षणी आलं नव्हतं. तुमच्या पाळकांशी बोला, तिला ते वचन आणि त्यामागचं २२वं स्तोत्र वाचू द्या. बोलायचं असेल तर पाच मिनिटं बोलू द्या. विश्वास आहे असं म्हणायची अट नको.

---

रविवारी_झोपणारा

तिने वाचलं तर तारीख-वेळ टाका. पिंपरी-चिंचवड मला लांब नाही. उठेन.

---

शिस्तप्रिय

माझ्या थोरल्याने सोळाव्या वर्षी असंच काहीतरी विचारलं होतं. ताट काढून घेतलं होतं मी. तो आता ऑस्ट्रेलियात असतो. फोन करतो, पण या विषयावर नाही.

ताई, तुम्ही बरोबर केलंत.

---

चिंचवडकरीण

शेवटचं अपडेट, मग पुढचं पुढे.

पाळकांना भेटून आलो. ते आधी जरा चाचरले, तेरा वर्षांची मुलगी तीन तासांच्या उपासनेत, पंचकमिटी काय म्हणेल वगैरे. लेकीने त्यांनाच विचारलं, "तुम्ही चौथ्यावर काय बोलता दर वर्षी?" ते हसले आणि हो म्हणाले. ती वचन आणि स्तोत्र वाचणार, बोलायचं की नाही ते तिचं तिने ठरवायचं. सध्या २२वं स्तोत्र मोठ्याने वाचून बघते आहे. 'खापरीसारखा शुष्क' यातली खापरी म्हणजे काय, हे सासूबाईंनी तिला चुलीवरच्या भाकरीपासून सुरू करून अर्धा तास सांगितलं. दृढीकरणाच्या वर्गाला जाते, पण नाव नाही. सासूबाई अजून रुसलेल्या आहेत, पण तिला डबा त्याच भरून देतात.

घरची प्रार्थना आता वीस मिनिटांत आटोपते. रूथ चालू आहे. एक दिवस लेक वाचते, एक दिवस सासूबाई, नवऱ्याला आठवड्यातून दोनदाच बोलायची परवानगी. प्रार्थनेत नावं घ्यायची वसईची पद्धत उचलली, भांडणवाल्यांसकट. मुलाने पहिल्याच दिवशी गणिताच्या बाईंचं नाव घेतलं.

खंजिरी आणली, ढोलकीवाले. घर दणाणून गेलंय, खालच्या मजल्यावरचे एकदा येऊन गेले. एक अडचण आहे. आम्ही गीत सुरू करतो नवऱ्याच्या आवाजात, आणि मुलांचा आवाज खाली घुटमळतो, वर घ्यावं तर नवऱ्याचा फाटतो. काय करायचं?

---

ढोलकीवाला

पुरुषांच्या काळी एकमध्ये सुरू केलं की असंच होणार. आपल्या चर्चमधेही हाच घोळ आहे, पेटीवाल्याच्या सोयीने पट्टी ठरते आणि बायका-मुलं अर्धी गातात. घरी काळी चार धरा. नवरा खालच्या सप्तकात गाईल, नाहीतर टाळ्या वाजवील.

---

चिंचवडकरीण

पेटी सासऱ्यांची आहे, वाजवता कुणालाच येत नाही. काळी चार म्हणजे कुठली?

---

ढोलकीवाला

काळ्या पट्ट्या दोन-तीन, दोन-तीन अशा गटांत असतात बघा. तिनांच्या गटातली मधली. ती एकच दाबून धरा, भाता मुलाला मारायला सांगा.